फोल्डर शेअर केलाय, पण उघडत नाही: वाचकांचे प्रश्न

या वेळी बरीच पत्रं एकाच विषयाची आलीत. घरातल्या नाहीतर दुकानातल्या एका कॉम्प्युटरवरचा फोल्डर दुसऱ्यावरून उघडत नाही. कारण उघड आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्याच्या आगेमागे घराघरांत विंडोज ११ वाले लॅपटॉप आले, आणि जुना पीसी मात्र फोटो, हिशोब, पोरांचे प्रोजेक्ट असं सगळं घेऊन कोपऱ्यात तसाच चालू राहिला, आणि आता या दोघांचं एकमेकांशी जमेना झालंय.

उत्तरांकडे वळायच्या आधी एक सांगते. "आम्ही हे हे करून बघितलं" म्हणून पत्रांत जे लिहिलंय ते वाचून मला खरंच काळजी वाटली. फायरवॉल बंद केली, पासवर्डवालं शेअरिंग बंद केलं, एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाकला, एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी, धोक्याची पद्धत) चालू केलं, आणि एवढं करूनही चालेना तेव्हा ते सगळं तसंच उघडं ठेवून पत्र लिहिलंय. आधी उठून फायरवॉल परत चालू करा, मग पुढचं वाचा. शेअरिंग अडतं ते तीनपैकी एका ठिकाणी. एकतर दोन मशीन एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत, नाहीतर पोचतात पण समोरचा ओळख मानत नाही, नाहीतर ओळख मानतो पण त्या फोल्डरपुरती परवानगी नसते. यातलं कुठलं आहे ते आधी ठरवायचं, आणि तेवढंच दुरुस्त करायचं.

प्रश्न: ताई नमस्कार, मी बँकेतून रिटायर झालोय. घरी विंडोज १० चा जुना पीसी आहे, त्यावर सगळे फॅमिली फोटो आणि माझे हिशोब आहेत. मुलानं नवीन लॅपटॉप पाठवला, विंडोज ११ प्रो. आधीच्या लॅपटॉपवरून पासवर्ड न टाकता फोल्डर उघडायचा, याच्यावरून उघडायला गेलं की तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीनं गेस्ट अॅक्सेस अडवलाय असा मेसेज येतो. आमच्या घरात कसली ऑर्गनायझेशन? आणि सुनेच्या लॅपटॉपवर पण विंडोज ११ च आहे, तिच्यावरून तोच फोल्डर उघडतो. शेजारच्या मुलानं रजिस्ट्रीत एक बदल सांगितलाय, करू का?
एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: काका, नका करू. तुमच्या घरात ऑर्गनायझेशन नाही हे खरंय, तो मेसेज कंपन्यांसाठी लिहिलेला आहे आणि घरच्या माणसाला उगीच घाबरवतो. झालंय काय ते साधं आहे. जुन्या पीसीवर पासवर्डवालं शेअरिंग बंद आहे, म्हणजे येणारा माणूस कोण हे न विचारता तो त्याला गेस्ट म्हणून आत घेतो. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती २०२४ च्या ऑक्टोबरात आली, तेव्हापासून प्रो एडिशन असं गेस्ट म्हणून दुसरीकडं जायलाच नकार देते. होम एडिशनवर ही अट नाही. सूनबाईंच्या लॅपटॉपवर बहुतेक होम असणार, सेटिंगमध्ये सिस्टीम आणि त्यात अबाउट उघडून बघा, एडिशन तिथं लिहिलेली असते.

आता गेस्टवर एवढा राग का, तर गेस्ट म्हणून झालेल्या कनेक्शनला सही करता येत नाही आणि एन्क्रिप्शनही लागत नाही, म्हणजे समोर खरोखर तुमचाच पीसी आहे का आणि मधे कोणी काही बदललं का हे लॅपटॉपला तपासताच येत नाही. त्या मुलानं सांगितलेल्या बदलानं फोल्डर उघडेल, पण मग तुमचा लॅपटॉप कुठल्याही नेटवर्कवर, अगदी लॉजच्या वायफायवर सुद्धा, समोरच्याची खात्री न करता जायला तयार होईल. फोटो घरातले आहेत हो, पण हिशोबही त्यातच आहेत ना.

बरोबर उपाय जुन्या पीसीवर करायचाय. त्याच्यावर एक नवीन लोकल युझर बनवा. सेटिंग, अकाउंट्स, मग फॅमिली आणि अदर युझर्सचं पान, तिथं नवीन माणूस अॅड करताना ईमेल विचारेल, तेव्हा या व्यक्तीची साइन इन माहिती माझ्याकडं नाही असं निवडायचं, आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युझर असा पर्याय येतो. नाव इंग्रजीत, छोटं, स्पेस न देता. पासवर्ड ठेवायचाच, कारण पासवर्ड कोरा असलेल्या लोकल युझरला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, फक्त त्याच मशीनसमोर बसून लॉगिन करू देतं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि तिथंच संध्याकाळ जाते.

मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगचा टॅब, तिथलं शेअर बटण दाबून त्या नवीन युझरचं नाव घाला आणि रीड-राइट द्या. यादीत एव्हरीवन असेल तर काढून टाका. शेवटी अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंगमध्ये जाऊन पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू करा. लॅपटॉपवरून उघडताना युझरनेम विचारलं की पीसीचं नाव, उलटा स्लॅश आणि मग तो युझर असं पूर्ण टाका, आणि "लक्षात ठेव" या पर्यायावर टिक करा. एकदाच टाकायचं आहे, पुढं तुम्हाला पहिल्यासारखंच वाटेल.

आणि काका, त्या पीसीला आता सिक्युरिटी अपडेट मिळत नसतील तर फोटोंची एक कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती डिस्क पीसीपासून काढून ठेवा, कायम लावून ठेवू नका. शेअर केलेला फोल्डर म्हणजे बॅकअप असं धरून चालणारी बरीच घरं मी बघते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात आलं ते आठवा, तळमजल्यावर पीसी आणि त्याच्या शेजारीच डिस्क असं ठेवू नका.

प्रश्न: मॅडम, पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, रोज तोच टाकून लॅपटॉप उघडते, पण नेटवर्कवरून पीसी उघडताना युझरनेम किंवा पासवर्ड चुकीचा असंच सांगतो. मिस्टरांनी चिडून पासवर्ड बदलला तरी तेच. दोन्हीकडं विंडोज ११ आहे.
एक वाचक, मिरज

उत्तर: ताई, रोज टाकताय तो चार किंवा सहा आकडी असेल तर तो पासवर्ड नाही, पिन आहे. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो चालतच नाही. चेहरा, बोट, तेही तसंच. नेटवर्कवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं जायचं तर युझरनेम म्हणून पूर्ण ईमेल आणि त्या ईमेलच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड लागतो, तोही ज्या मशीनवर फोल्डर आहे त्या मशीनच्या अकाउंटचा. तुमच्या लॅपटॉपचा नव्हे. तुम्ही तुमच्या लॅपटॉपचा पासवर्ड टाकताय पण फोल्डर मिस्टरांच्या पीसीवर असेल ना, मग तिथं तुमचं अकाउंट असेल तरच तुमचा पासवर्ड चालणार.

यात अजून एक अडचण असते. नवीन पीसी पहिल्या दिवसापासून पिननंच उघडला जातो, पासवर्ड त्या मशीनवर कधी टाकलेलाच नसतो, आणि मग नेटवर्कवरून बरोबर पासवर्ड आला तरी ते मशीन तो ओळखत नाही. साइन इन ऑप्शन्समध्ये फक्त विंडोज हॅलोनंच साइन इन करू द्या अशा अर्थाचं एक बटण आहे, ते बंद करा, साइन आउट व्हा, आणि त्या पीसीसमोर बसून एकदा खऱ्या पासवर्डनं लॉगिन करा. बऱ्याचदा एवढ्यानंच सुटतं. मला विचाराल तर घरात शेअरिंगसाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंट वापरूच नये, वर विश्रामबागच्या काकांना सांगितला तसा एक लोकल युझर बनवावा, ईमेलचा पासवर्ड घरभर वाटत फिरायची गरज राहत नाही.

मिस्टरांनी पासवर्ड बदलला तेव्हा आणखी एक झालं असणार. तुमच्या लॅपटॉपनं आधीचा पासवर्ड साठवून ठेवलाय आणि तो न विचारता तोच जुना पाठवत बसलाय. कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये त्या पीसीचं नाव किंवा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) दिसेल, ती नोंद काढून टाका. कधीकधी नावाची एक नोंद आणि आयपीची वेगळी नोंद अशा दोन असतात, दोन्ही काढा. आणि एकाच पीसीला एका वेळी दोन वेगवेगळ्या युझरनेमनं जोडता येत नाही, आधीचं कनेक्शन जिवंत असेल तर १२१९ नंबरचा एरर येतो. तेव्हा लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करून मग नवीन नावानं जा.

प्रश्न: आमचं खाली दुकान, वर घर. खाली नेट कंपनीनं लावलेला राउटर, वर वायफाय येत नव्हतं म्हणून दुसरा राउटर आणून खालून वायर ओढून जोडला. नेट दोन्हीकडं झकास चालतंय. पण खालच्या पीसीवरून वरच्या लॅपटॉपमधला फोल्डर काही केल्या उघडत नाही, पाथ सापडला नाही म्हणतो, कोड ८००७००३५. विचित्र म्हणजे वरून खालच्या पीसीचा आयपी टाकला तर उघडतोय!! फायरवॉल बंद करून पण बघितली.
एक दुकानदार, गणपती पेठ, सांगली

उत्तर: दादा, तुम्ही शेवटच्या आधीच्या वाक्यात उत्तरच लिहून पाठवलंय. वरून खाली चालतंय आणि खालून वर नाही, हे दोन राउटर एकामागं एक लावल्याचं पक्कं लक्षण. दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग मारा. खाली १९२.१६८.१ नं सुरू होणारा पत्ता दिसेल आणि वर १९२.१६८.० नं सुरू होणारा, किंवा असंच काहीतरी वेगळं. म्हणजे तुमच्या घरात एक नेटवर्क नाहीये, दोन आहेत. वरचा राउटर त्याच्यामागच्या सगळ्यांना लपवतो, त्याच्यामागून बाहेर जाता येतं म्हणून नेटही चालतं आणि खालचा पीसीही सापडतो, पण बाहेरून आत येणाऱ्याला तो दारातच थांबवतो. नावानं शोधणं तर दोन्ही बाजूंनी चालणार नाही, कारण नाव पुकारण्याची हाक राउटर ओलांडून जात नाही. फायरवॉलचा यात काही संबंध नव्हता.

वरच्या राउटरला राउटरगिरी सोडायला लावायची आणि नुसतं वायफाय द्यायला ठेवायचं. सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, संपलं. नसेल तर हातानं करता येतं, फक्त क्रम चुकवू नका. आधी लॅपटॉप वरच्या राउटरला वायरनं जोडून त्याच्या पानावर जा, त्याचा स्वतःचा लॅन आयपी बदलून खालच्याच्या ओळीत आणा, म्हणजे खालचा १९२.१६८.१.१ असेल तर वरचा १९२.१६८.१.२ करा, तो पत्ता खालचा राउटर दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना एवढं बघून. मग त्याच्यातलं डीएचसीपी, म्हणजे मशीनना पत्ते वाटायचं काम, बंद करा, नाहीतर दोघंही पत्ते वाटत सुटतील आणि आज चालेल उद्या नाही असा छळ होईल. मग खालून आलेली वायर वॅन पोर्टातून (बाहेरच्या नेटचा) काढून लॅन पोर्टात (घरातल्या मशीनचा) लावा. वॅनचा पोर्ट बहुतेक वेळा वेगळ्या रंगाचा असतो, तो आता रिकामाच राहणार.

हे झाल्यावर एक गोष्ट नक्की बघा, कारण इथं बरेच जण दुसऱ्यांदा अडकतात. जोडणी बदलली की विंडोजला हे नवीन नेटवर्क वाटू शकतं, आणि नवीन नेटवर्कला ते पब्लिक समजतं. पब्लिक म्हणजे एसटी स्टँडवरचं वायफाय असं धरून सगळं शेअरिंग बंद. सेटिंग, नेटवर्क आणि इंटरनेट, तुमचं वायफाय किंवा इथरनेट उघडा आणि प्रोफाइल प्रायव्हेट करा, दोन्ही मशीनवर. मग अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंगमध्ये प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू आहे ना ते बघा. फायरवॉल चालूच ठेवायची, प्रायव्हेट केलं की ती शेअरिंगपुरती वाट आपोआप मोकळी करते.

तरी अडलं तर पोर्ट तपासा. पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड, पुढं समोरच्या मशीनचा आयपी, मग डॅश पोर्ट आणि ४४५. फाइल शेअरिंग याच पोर्टवरून चालतं. शेवटच्या ओळीत ट्रू आलं की रस्ता मोकळा आहे, आता भानगड युझर-पासवर्डची. फॉल्स आलं की रस्त्यातच अडलंय, मग विकतच्या अँटिव्हायरसची स्वतःची वेगळी फायरवॉल असते ती बघा, आणि लॅपटॉप राउटरच्या गेस्ट वायफायवर तर नाही ना ते बघा, गेस्टवरच्या मशीनना घरातली बाकीची मशीन दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. नुसत्या पिंगवर, म्हणजे समोरचं मशीन हाकेला ओ देतं का ते बघणाऱ्या कमांडवर, भरवसा ठेवू नका, पिंगला उत्तर आलं नाही तरी शेअरिंग चालू असू शकतं.

दुकान आहे म्हणून हेही सांगते, राउटरवर ४४५ पोर्ट बाहेरच्या नेटसाठी उघडून "घरून पण बघता येईल" असं कोणी करून देतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. गावाहून दुकानचा फोल्डर बघायचा असेल तर व्हीपीएन (बाहेरून आपल्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) लावून घ्या.

प्रश्न: बेदाण्याचा व्यापार आहे, ऑफिस घरातच. झेरॉक्स-स्कॅनरचं मोठं मशीन आहे, जुनं आहे पण दणकट. बिलं, पावत्या स्कॅन केल्या की थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये पडायच्या. नवीन पीसी घेतल्यापासून बंद. मेकॅनिक म्हणतो एसएमबी १ चालू करा, दोन मिनिटाचं काम आहे.
एक वाचक, तासगाव

उत्तर: काम दोन मिनिटांचंच आहे, पण करू नका. एसएमबी ही फाइल शेअरिंगची भाषा आणि १ ही तिची सगळ्यात जुनी पिढी. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) जगभर पसरलं, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांची कामं अडली, ते मशीनमधून मशीनमध्ये शिरत होतं ते याच एसएमबी १ मधल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टनं त्याचा पॅच दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेला होता, ज्यांनी तो टाकला नव्हता ते सापडले. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या विंडोजमध्ये एसएमबी १ चा फोल्डर देणारा भाग मुळात बसवलेलाच नसतो. तुमचा मेकॅनिक तो परत बसवा म्हणतोय, आणि तोही ज्या पीसीवर अख्ख्या सीझनचे सौदे आणि पावत्या आहेत त्याच्यावर.

आधी मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ असा पर्याय आहे का बघा. असतो बऱ्याचदा, फक्त बंद असतो, किंवा कंपनीचं नवीन फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकल्यावर येतो, मेकॅनिकला हेच विचारा. मग पीसीवर स्कॅनरसाठी म्हणून वेगळा लोकल युझर, त्याला फक्त त्या एका स्कॅनच्या फोल्डरची परवानगी, आणि तेच नाव-पासवर्ड मशीनच्या अॅड्रेस बुकात. पीसी विंडोज ११ प्रो असेल तर २४एच२ पासून तो येणाऱ्या प्रत्येक कनेक्शनला सही मागतो, काही जुन्या मशीनना ती करता येत नाही, तेव्हा सगळं बरोबर भरूनही स्कॅन जात नसेल तर हे कारण असू शकतं. फर्मवेअरनंही नाहीच जमलं तर स्कॅन ईमेलवर पाठवा नाहीतर मशीनलाच पेनड्राइव्ह लावा. थोडा वेळ जास्त जाईल. चालेल तेवढा.

प्रश्न: एकाच दुकानातून दोन पीसी एकदम असेंबल करून घेतले, दोन्ही विंडोज ११. एक वर्ष शेअरिंग मस्त चाललं, मग एका अपडेटनंतर अचानक दोघं एकमेकांना ओळखेनात. लोकल युझर बनवला, क्रेडेन्शियल काढले, ४४५ ट्रू येतंय, सगळं केलं. लॅपटॉपवरून मात्र दोन्ही पीसी उघडतात.
एक वाचक, कुपवाड

उत्तर: तुम्ही इतकं नीट तपासून लिहिलंय की उरलेलं कारण एकच दिसतं. दुकानदारानं एका पीसीवर विंडोज बसवून त्याच्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी दुसऱ्यावर मारली असणार. वेळ वाचतो म्हणून हे सर्रास चालतं. पण प्रत्येक विंडोजला बसवताना एक स्वतःचा ओळख क्रमांक मिळतो, त्याला एसआयडी म्हणतात, आणि कॉपी केली की दोन्ही मशीनचा तो एकच होतो. पूर्वी विंडोज याकडं काणाडोळा करायचं. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटमध्ये, २४एच२ आणि २५एच२ या आवृत्त्यांवर, सारखा एसआयडी असलेल्या दोन मशीनना एकमेकांकडं लॉगिन करू देणं बंद झालंय. मायक्रोसॉफ्टनं हे मुद्दाम केलंय, त्यामुळं पुढच्या अपडेटनं सुटेल म्हणून वाट बघू नका. लॅपटॉपचा एसआयडी वेगळा, म्हणून त्याला दोन्हीकडं वाट मिळते.

खात्री करायची तर दोन्ही पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये हूअॅमआय, स्पेस, स्लॅश युझर अशी कमांड मारा. एस-१-५-२१ नं सुरू होणारा लांबलचक नंबर येईल. शेवटचा छोटा आकडा सोडा, तो युझरचा. त्याच्या आधीचे तीन मोठे आकडे दोन्ही पीसीवर सारखे आले की शिक्कामोर्तब. उपाय सुखाचा नाही, दोनपैकी एका पीसीवर डेटा बाजूला काढून विंडोज कोरं, नव्यानं बसवायचं. दुकानातूनच करून मागा, काम त्यांचंच आहे. आणि यावेळी कॉपी मारू नका, इन्स्टॉलच करा असं तोंडावर सांगा. पुन्हा कॉपी मारली तर पैसे नाहीत, असंही सांगा.

प्रश्न: फोल्डर उघडतो, फाइल दिसते, वाचता येते पण सेव्ह होत नाही. फुल कंट्रोल दिलाय!! आणि काल तर मुलानं नेटवर्कवरून चुकून एक फोल्डर डिलीट केला, रिसायकल बिनमध्ये पण नाही. कुठं गेला?
एक वाचक, पलूस

उत्तर: फुल कंट्रोल तुम्ही एका ठिकाणी दिलाय, लागतो दोन ठिकाणी. जुन्या वाड्याला बाहेर दिंडी दरवाजा आणि आत खोलीला वेगळं कुलूप असतं ना, तसं शेअरिंगच्या टॅबमधली परवानगी म्हणजे दिंडी दरवाजा आणि सिक्युरिटीच्या टॅबमधली म्हणजे खोलीचं कुलूप. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही पार करावी लागतात आणि दोन्हींपैकी जी कडक असेल तीच लागू होते. अॅडव्हान्स्ड शेअरिंगमधून फोल्डर शेअर केला तर तिथं सुरुवातीला एव्हरीवनला फक्त वाचायची परवानगी असते, आणि सिक्युरिटीच्या टॅबला तर ते हातच लावत नाही. साधं शेअर बटण वापरलं की दोन्हीकडचं एकदम होतं, म्हणून घरासाठी मी तेच सांगते. सिक्युरिटीच्या यादीत कुणी डिनायवर टिक केली असेल तर ती बाकी सगळ्यावर मात करते, ती आधी काढा.

एक्सेलची एकच फाइल सेव्ह होत नसेल आणि बाकी होत असतील तर मात्र परवानगीचा प्रश्न नाही, दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर ती उघडी आहे.

डिलीट झालेल्याचं वाईट वाटतं सांगायला. नेटवर्कवरून डिलीट केलेलं ना तुमच्या रिसायकल बिनमध्ये जातं ना त्या पीसीच्या, ते थेट जातं. ज्या पीसीवर फोल्डर होता तो आत्ताच्या आत्ता वापरायचा थांबवा, काहीही नवीन कॉपी करू नका, कारण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की परत मिळायची शक्यता जाते. एसएसडी असेल तर आशा कमीच, जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडं काहीतरी हाताला लागू शकतं. फाइल हिस्ट्री चालू होती का तेही बघा, असेल तर सगळं सोपं आहे. आणि पुढं मुलासाठी वेगळा युझर बनवून त्याला फक्त रीड द्या. त्याचे प्रोजेक्ट ठेवायला त्याचा स्वतःचा एक फोल्डर द्या, त्यात त्याला काय करायचं ते करू दे.

प्रश्न: नेटवर्कवर क्लिक केलं तर पीसीचं नाव दिसत नाही, आयपी टाकला की उघडतं. पण लाइट जाऊन आली की तो आयपी पण चालत नाही.
एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर: नाव न दिसणं ही बिघाडातली सगळ्यात छोटी गोष्ट आहे, आयपीनं उघडतंय म्हणजे शेअरिंग ठणठणीत आहे. ज्या पीसीचं नाव दिसत नाही त्याच्यावर सर्व्हिसेसमध्ये फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन शोधा, ती बंद असणार, ऑटोमॅटिक करून चालू करा. बघणाऱ्या मशीनवर फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट चालू पाहिजे. पूर्वी ही नावांची यादी एसएमबी १ च्या जोडीनं बनायची, म्हणून ते गेल्यावर बऱ्याच घरांत यादी रिकामी झाली आणि लोकांना वाटलं शेअरिंगच गेलं.

लाइटचं म्हणाल तर राउटर बंद होऊन सुरू झाला की पत्ते नव्यानं वाटतो आणि पीसीला कधीकधी दुसराच मिळतो. राउटरच्या पानावर अॅड्रेस रिझर्व्हेशन असतं, तिथं पीसीसाठी एक पत्ता कायमचा बांधून टाका, मग लॅपटॉपवर तो फोल्डर मॅप नेटवर्क ड्राइव्हनं झेड ड्राइव्ह म्हणून लावा. पीसी झोपी जात असेल तरी फोल्डर उघडणार नाही, पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा, स्क्रीन बंद झाली तर चालते. पीसीवर एखादा छोटा यूपीएस असेल तर राउटरही त्याच्यावरच घ्या, त्याला फार वीज लागत नाही आणि फाइल कॉपी होताना मधेच तुटायचं थांबेल.